एकादशीची कणीक

आमच्या घरात रिकामं भांडं उपडं ठेवायची सोय नव्हती. ठेवलं की आबा ते वाजवत. परात असो, घागर असो, भाताची पाटी असो, हात लागायचा अवकाश. जेवायला बसले तरी उजव्या हातानं घास आणि डाव्या हातानं मांडीवर ठेका चालूच. आई भाकरी थापायची त्यावरसुद्धा त्यांचे कान असत. मध्येच तिचा हात रेंगाळला की ते चुलीकडे मान वळवून बघत, आणि आई न बघताच म्हणे, "माजी भाकरी हाय ती. तुमचा मृदंग न्हाई." बाहेरचे लोक पखवाज म्हणतात, आमच्या वडिवळ्यात सगळे मृदंगच म्हणत. तो खुंटीला घोंगडीत गुंडाळलेला असे, आणि घरात एवढी घोंगडी एकट्याची फक्त त्यालाच होती. आम्ही पोरं एकीत तिघं झोपायचो.

मृदंगाचं मला तेव्हा जे कळत होतं ते एवढंच. एका बाजूला काळी शाई असते, ती कडक बोलते. दुसरी बाजू धुमाची. तिच्यावर ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा ती घुमते. कणीक नसेल तर तो आवाज रिकामा पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. आता आमचा मुलूख भाताचा. गहू आमच्याकडे सणाला दिसायचा, तोही चिमूटभर. पण आबांच्या मृदंगाला दर भजनाला कणीक लागे, म्हणून आई एका मडक्यात त्याच्यापुरते गहू झाकून ठेवी. आम्हाला पुरणाची पोळी वर्षातून दोनदा, मृदंगाला महिन्यातून दोनदा. माझी आत्या म्हणायची, "पुढल्या जल्मी म्या ह्याच्या घरी मृदंग व्हनार."

आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली. आबा मृदंग सांभाळत आणि आत्या शेती सांभाळे, असं आमच्या घराचं खरं वाटप होतं. नांगराला तेवढा ती हात लावत नसे, कारण लोक नावं ठेवतील. बाकी चिखलणी, आवणी, कापणी, झोडपणी सगळं तिच्या शब्दावर चाले. तिची जीभ विळ्यासारखी होती आणि विळ्यासारखीच ती रोज वापरात होती.

तर झालं असं, की आमच्या गावच्या सप्त्याला मुंबईहून एक बुवा आले. गेनूबुवा. आमच्या मावळातले कितीतरी गडी मुंबईत जेवणाचे डबे पोचवायच्या कामाला होते, त्यांतल्या एका टोळीचे ते मुकादम आणि त्याच गड्यांच्या भजनी मंडळाचे गायक. माझा धोंडूमामा, आईचा भाऊ, त्यांच्याच टोळीत. आमच्या गावच्या भजनात तेव्हा उरले होते पाच जण. एकाला ऐकू कमी, एक टाळ वाजवता वाजवता झोपायचा. त्या गर्दीत आबांचा हात गेनूबुवांनी ऐकला आणि जाताना म्हणाले, "किसनराव, आमचा मृदंगी थकलाय. पौषातल्या एकादशीला मुंबईला या. मंडळाला हात पटला तर आमच्यातच बसा. डब्याच्या कामाचं धोंडू बघंल."

एवढ्याशा बोलण्यानं घराचे चार तुकडे झाले. आबा त्या दिवसापासून जमिनीवरून चालायचे बंद झाले. आई गव्हाचं मडकं उघडून किती उरलेत ते बघे आणि पुन्हा झाकी. मी तेव्हा बारा वर्षांची; माझं मुंबईला जायचं ठरूनच गेलं, आणि गावातल्या एकूण एक पोरीला मी सांगून टाकलं की आता आम्ही मुंबईचे. आत्या तेवढी उघड म्हणाली, "त्या बुवाला न्हाई पटला हात तर देवाला नारळ देईन. हितं भाताचा पेंढा कोन रचील? गेनूबुवा?"

म्हैस व्यायला झाली होती म्हणून आई घरीच राहिली. आत्या मात्र निघाली. मुंबई बघायला नव्हे, हे ती दहादा बजावून सांगे. भावावर नजर ठेवायला. आणि मी निघाले, कारण मी रडले. आदल्या रात्री आईनं मडक्यातले सगळे गहू दळले आणि पहाटे विहिरीच्या पाण्यात कणीक तिंबून, ओल्या फडक्यात बांधून आत्याच्या हातात दिली. मुंबईत कणीक मिळत नाही असं नव्हतं. पण आबांचं म्हणणं, नळाच्या पाण्याच्या कणकेला घुमारा येत नाही. मुंबईला ते त्यापूर्वी एकदाही गेले नव्हते, तरी नळाच्या पाण्याबद्दल त्यांचं मत अगदी पक्कं होतं.

कामशेतला गाडीत बसलो, लोणावळ्याला उतरून मुंबईची गाडी धरली. मधल्या वेळात आत्यानं स्टेशनबाहेरून गुडदाणी घेतली. आता तिला सगळे चिक्की म्हणतात आणि रंगीत खोक्यात घालून विकतात. तेव्हा ती कागदात यायची आणि दाताला अशी चिकटायची की घाट उतरेपर्यंत माणूस गप्प बसे. शेंगदाणे आणि गूळ, म्हणजे उपासाला चालणारी. आबांनी ती घेतली नाही. मृदंग मांडीवर आडवा घेऊन ते बसले होते आणि चाकांच्या आवाजावर बोटं चालवत होते. बोगदा आला की डबा काळाकुट्ट व्हायचा, आणि त्या काळोखातसुद्धा त्यांची बोटं ऐकू यायची. एक शेठजी आत्याला म्हणाले, "मावशी, ह्यांना जरा थांबायला सांगा ना." आत्या म्हणाली, "तीस वर्सं सांगतेय. तुमी सांगून बगा."

भायखळ्याला मामा उभा होता. रविवार, म्हणून त्याला सुटी. धोंडूमामानं त्या दिवशी आम्हाला मुंबई दाखवली ती मी जन्मात विसरणार नाही, कारण तशी मुंबई दुसऱ्या कुणी कुणाला दाखवली नसेल. त्याला इमारतींची नावं ठाऊक नव्हती, रस्त्यांची नव्हती, कुठल्या पुतळ्याचं काय कर्तृत्व तेही नव्हतं. त्याला ठाऊक होते डबे. एका मोठ्या दगडी घरासमोर आम्ही तोंड वासून उभे राहिलो, तर तो म्हणाला, "हितं तिसऱ्या माडीवर वकील राहतो. रोज कारलं. चार वर्सं झाली, डबा भरलेला जातो, आन् कारलं तसंच परत येतं. पर बायको काय सोडीत न्हाई." पुढे एका चाळीपाशी, "ह्या खोलीतली बाई लय चांगली. डबा कधी उशिरा देनार न्हाई. नवऱ्याला आवडतं म्हनून वरच्या खणात रोज लोनच्याची फोड येगळी बांधती." आणि त्याची चाल. डोक्यावर डब्यांची लांब पाटी घेऊन धावायची सवय, त्यामुळे रिकाम्या डोक्यानंही तो पळतच होता, मान ताठ आणि हात वर. आत्या मागून ओरडली, "पाव्हणं, आज तुमच्या डोईवर कुनाचं जेवान न्हाई. माणसावानी चाला." तो चार पावलं माणसासारखा चाले आणि पुन्हा पाटी डोक्यावर चढे.

खाण्याची तर त्यानं कमालच केली. इराण्याचं हॉटेल दाखवलं. आरसे, दगडाची गुळगुळीत टेबलं, कपबशांचा खणखणाट. "हितं पावाला लोनी लावून देत्यात." भज्यांची कढई दाखवली. "हितली कांद्याची भजी, एक नंबर." पुऱ्या फुगताना दाखवल्या, भेळेचा ठेला दाखवला, एका खाणावळीच्या दारात उभं करून आतला रश्शाचा वास दाखवला. आणि प्रत्येक ठिकाणी, आमचं बघून झालं की, "आज एकादशी हाय म्हना." आणि पुढे. मुंबईत जे जे खायला मिळतं ते सगळं मी त्या सकाळी पाहिलं आणि पोटात गेलं एक केळं. आज माझी नातवंडं कुठं काय खाल्लं ते मला फोनवर दाखवतात, चित्रं काढून. मला त्याचं नवल वाटत नाही. चित्रातलं जेवण मी बारा वर्षांची असतानाच जेवलेय.

मग राणीच्या बागेतला अजबखाना. दारावरचा शिपाई म्हणाला, गाठोडं आत नेता येणार नाही. गाठोडं म्हणजे मृदंग. मामा म्हणाला, मी सांभाळतो, दाजी, तुमी बगून या. आबांनी मामाकडे असं पाहिलं की जसं काही त्यानं पोर विकत मागितलं. मग आबाच बाहेर बसले. तिथं एक दगडाचा हत्ती होता, त्याच्या सावलीत. आबांचा अजबखाना म्हणजे तो हत्ती. पुढे आयुष्यभर कुणी विचारलं तर ते त्या हत्तीचं वर्णन करत, आणि ऐकणाऱ्याला वाटे की आत सगळे हत्तीच आहेत.

आत आम्ही गेलो. कपाटाच्या काचेमागे मातीच्या बाहुल्या होत्या, शेतकरी, कुंभार, दळणारी बाई, पगडीवाले, टोपीवाले, तऱ्हेतऱ्हेचे. मला त्या फार आवडल्या. आत्या प्रत्येक कपाटापुढे थांबून तपासणी करत होती. शेतकऱ्यापुढे ती बराच वेळ थांबली. "ह्याच्या पायाला चिखल न्हाई," ती म्हणाली. मामा म्हणाला, "आक्का, मातीचाच हाय की त्यो सगळा." आत्याला ते पटलं नाही. जुन्या तलवारी, नक्षीची भांडी, हस्तिदंताच्या डब्या, ह्या सगळ्यांतून चालत ती शेवटी म्हणाली, "हे समदं पुसतं कोन?" मी आजवर पुष्कळ संग्रहालयं पाहिली. शहाणी माणसं तिथं काय काय विचारतात तेही ऐकलं. आत्यासारखा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

बाहेर आलो तर हत्तीपाशी आबा नाहीत. मामा पळाला, आम्ही त्याच्यामागे. बागेत एका चबुतऱ्यावर लाल डगलेवाले लोक पितळी बाजे वाजवत होते, आणि आबा अगदी पुढे, मृदंग छातीशी धरून उभे. डोळे मिटलेले. बाजा संपल्यावर ते मामाला म्हणाले, "ठेका चांगला धरत्यात. पर ह्यो मोठा ढोलवाला हाय ना, त्यो भितोय. मारायचं तवा मारीत न्हाई." मग जरा वेळानं, आमच्याकडे न बघता, "धोंडू, मलाबी आज भ्या वाटतंय रं." आबांच्या तोंडून मी असलं काही त्याआधी ऐकलं नव्हतं. आत्यानंही ते ऐकलं. ती पदरानं तोंड पुसत दुसरीकडे बघू लागली.

ट्रामकडे जाताना वाटेत एक देऊळ लागलं. दारात एक बाई गाय आणि गवताच्या पेंड्या घेऊन बसलेली. पैसे द्यायचे, तिचंच गवत घ्यायचं आणि तिच्याच गाईला घालायचं. आत्या थक्क झाली. "गाय हिची, गवत हिचं, आन् पैसं आमचं? मग पुन्य कुनाचं?" आबा आणि मामा पुढे गेले होते. एकादशीच्या दिवशी गाय समोर आली आणि तिला घास घातला नाही, हे आत्याला जमणारं नव्हतं. पैसे देऊन घालणं त्याहून जमणारं नव्हतं. तिनं कमरेला खोचलेलं कणकेचं ओलं फडकं सोडलं आणि कणकेचा अख्खा गोळा गाईपुढे धरला. मी म्हटलं, "आत्या, मृदंगाची हाय ती." ती म्हणाली, "हितं कणकीला काय तोटा? घरोघर चपात्या लाटत्यात म्हनं." गाईनं दोन घासांत आमच्या मडक्यातले सगळे गहू संपवले. पुढे मी मोठी झाल्यावर, लग्नबिग्न झाल्यावर, एकदा तिला सरळ विचारलं, की तू ते मुद्दाम केलंस का. ती म्हणाली, "गाय भुकेजली व्हती." दुसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही.

भजन दुपारी तीनला, लालबागला, डबेवाल्यांच्या चाळीपाशी मारुतीचं देऊळ होतं तिथं. चाळीत पोचलो, आबांनी हातपाय धुतले, मृदंग उलगडला आणि हात पुढे केला. "आक्का, कणीक." आत्यानं सांगितलं. आबा खाली बसले, आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर गप्प पडून राहिले. मला तेच सगळ्यात भयंकर वाटलं. मामा म्हणाला, "दाजी, त्यात काय, आनतो की," आणि खोल्यांमागून खोल्या हिंडून परत आला तो तोंड पाडून. एकादशी. सगळी चाळ माळकरी. सकाळपासून एकाही घरात कणीक भिजली नव्हती, आणि उपासाच्या दिवशी गव्हाच्या पिठाचा डबा उघडायलाही कुणी बाई तयार नव्हती. आत्याची हुशारी मुंबईभर चालली असती, फक्त त्या एका दिवशी नाही.

कोपऱ्यावर पावाची भट्टी होती. मामा मला हाताला धरून तिकडे पळाला. भट्टीवर इस्माईलचाचा होते, मूळचे आमच्याच तळेगावकडचे. "काय रं धोंडू, आज वाट चुकला?" त्यांनी विचारलं. मामानं थोडी मळलेली कणीक मागितली. "कशापायी पायजे?" आता एकादशीच्या दिवशी, गळ्यात माळ घालून, पावाच्या भट्टीवर मृदंगासाठी कणीक मागतोय हे सांगायला मामाला लाज वाटली. तो म्हणाला, "घरी लागतीय." चाचांनी परातीतून चांगला मोठा गोळा तोडून दिला, वर म्हणाले, "लगी लगी वापरा, ठिवू नगा." आणि माझ्याकडे बघून भट्टीतला एक गरम पाव माझ्या हातावर ठेवला. मी त्याच्याकडे पाहिलं. मामानं दुसरीकडे पाहिलं. सकाळपासून मी एका केळ्यावर होते. तो पाव मी चाळीच्या जिन्याखाली उभी राहून खाल्ला, आणि केळं सोडलं तर मुंबईत त्या दिवशी खाल्लेला तो एकच पदार्थ, पण आजही त्याची चव सांगू शकते.

भजन सुरू झालं. दोन्हीकडे टाळकरी, मध्ये गेनूबुवा, त्यांच्या डाव्या हाताला आबा. बायका मागे भिंतीशी. पहिल्या अभंगाला आबांनी असा हात टाकला की शेजारची म्हातारी मला म्हणाली, "कोन गं ह्यो?" मी म्हटलं, "माजे वडील." तेवढं बोलताना माझी मान इतकी ताठ झाली की दुखायला लागली. मनात मी मुंबईच्या खोलीत भांडी लावत होते.

दुसऱ्या अभंगाला आवाज बसला. धूम म्हणायचं ते थप म्हणायला लागलं. आबांनी अंगठ्यानं कणकेचा एक लचका काढून टाकला. जरा बरं वाजलं, आणि पुन्हा बसलं. पुन्हा लचका. माणसांची गर्दी, समयांची ऊब, हाताची गरमी, आणि पावाची कणीक. ती फुगत होती. आबा काढत होते आणि ती वाढत होती. त्यांच्या कपाळावरून घाम गळायला लागला. मला वाटलं, हे माझ्या पावाचं पाप. मी देवाला तिथल्या तिथे कबूल केलं की पुन्हा जन्मात पाव खाणार नाही. हा शब्द मी पाळलेला नाही.

आणि मग वास सुटला. त्या काळी पावाची कणीक ताडी घालून फुगवत. चाचांना ते सांगायची गरज वाटली नाही, मामाला विचारायची अक्कल नव्हती. आंबूस, उग्र वास, आबांच्या भोवती. शेजारच्या टाळकऱ्यानं नाक मुरडलं. त्यानं पलीकडच्याकडे पाहिलं. गेनूबुवा डोळे मिटून गात होते, त्यांनी एक डोळा उघडला. बायकांत कुजबुज आली, "मावळातला गडी ताडी टाकून बसलाय. एकादशीला." आबांनी ते ऐकलं असावं. त्यांचा हात थांबला. टाळ दोन-चार ठोके पुढे गेले आणि तेही थांबले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात ताकाशिवाय आंबट काही तोंडाला लावलं नव्हतं, तो मान खाली घालून बसला होता. एका शब्दानं त्यानं सांगितलं असतं की माझी कणीक बहिणीनं गाईला घातली. ते त्यानं सांगितलं नाही.

आत्या माझ्या शेजारी बसली होती. तिनं नुसतं बसून राहिलं असतं तरी पुरे होतं. नारळाचा नवस फळाला आला होता, भाऊ संध्याकाळी आमच्याबरोबर घरी येणार होता. ती उठली. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि पुरुषांच्या मधून, पाय चुकवत, सरळ मृदंगापाशी गेली. देवळात अशी कुणी बाई पुढे गेलेली मी तोवर पाहिली नव्हती.

"बुवा," ती म्हणाली, "वास मृदंगाचा हाय. माज्या भावाचं तोंड हुंगून बगा हवं तर. घरनं आनलेली कणीक म्या गाईला घातली. ह्यी पावाची हाय. चूक माजी, त्याची न्हाई."

कुणी हसलं नाही. आत्या खाली बसली, मृदंग स्वतःकडे वळवून घेतला आणि बोटांनी ती सगळी कणीक खरवडून काढली. पदराचं टोक भिजवून कातडं पुसलं, कोरडं केलं. मग मागे वळून म्हणाली, "उपासाच्या थालीपिठाला राजगिरा भिजवलाय का कुनी?" गेनूबुवांच्या बायकोनं भिजवला होता. परात आली. आत्यानं त्यात उकडलेलं रताळं कुस्करलं, मळलं, घट्ट गोळा केला आणि भावाच्या मृदंगावर भाकरी थापावी तसा थापला. आबा बोटानं वाजवून बघत, ती काढी, लावी, पुन्हा काढी. दोघं भावंडं त्या मृदंगावर वाकून बसली होती आणि अख्खं देऊळ वाट बघत होतं. शेवटी आबांनी मान हलवली. आत्या हात झटकून परत माझ्याजवळ येऊन बसली. "वाजीव आता," ती पुटपुटली, तिच्याशिवाय फक्त मला ऐकू येईल असं.

आबांनी वाजवलं. मला संगीतातलं फारसं कळत नाही, तेव्हाही कळत नव्हतं. पण दिवे लागेपर्यंत एकही माणूस उठला नाही, आणि बुवा एक अभंग संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा, आबांकडेच तोंड करून गात राहिले. एकदा गाता गाता ते थांबले आणि नुसता मृदंग ऐकला. मी आत्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मला वाटलं, आनंदानं.

संपल्यावर गेनूबुवांनी फार काही म्हटलं नाही. म्हणाले, "किसनराव, पाटी डोईवर घ्यायची सवं हाय का? न्हाई तर उद्या सकाळी धोंडूसंगं चला, तो दाखवील." मी उड्या मारल्या. मामानं मला उचललं. मी विचारलं, "आपली खोली कुठंय?" मामानं मला खाली ठेवलं. ते सगळे एका खोलीत अकरा गडी राहत होते. "खोली मिळंल की, चंपे," आबा म्हणाले, "मिळाली की बोलावतो." ती खोली मिळाली तेव्हा माझ्या पदरात दोन मुलं होती.

सकाळच्या गाडीवर आबा आणि मामा पोचवायला आले. आबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत्याच्या पाया पडले. गाडी हलली तशी मला रडू आलं ते कर्जत आलं तरी थांबेना. शेवटी मी आत्याला म्हटलं, "तू उठलीस कशाला? गप बसली असतीस तर आबा आज आपल्याबरोबर असते." ती खिडकीबाहेर बघत होती. "माज्या भावाला लोक पेताड म्हनत्यात," ती म्हणाली, "आन् म्या घरी भाताचा पेंढा रचाय मानूस पायजे म्हनून ऐकत बसू व्हय?" मग कनवटीतून गुडदाणीचा उरलेला तुकडा काढून तिनं माझ्या तोंडात घातला. त्यानं रडणं थांबलं, कारण तोंड उघडेना.

दुपारी वडिवळ्यात पोचलो. म्हैस व्याली होती, रेडी झाली होती, आई अंगणातच होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे वाटेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आत्याला विचारलं, "हात पटला?"

"पटला," आत्या म्हणाली. आणि तिथंच अंगणात उभं राहून तिनं सगळं सांगितलं. गाय, कणीक, ताडी, देवळात उठली ते. काही लपवलं नाही. आई ओट्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मी तिला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आत्या तिच्यापुढे उभी राहून म्हणाली, "मला शिव्या दे. म्या बसून ऱ्हायले असते तर आला असता त्यो घरी."

"आला असता," आई म्हणाली. तिनं डोळे पुसले. "आन् तुमी बसून ऱ्हायल्या असत्या ना वन्सं, तर ह्या घरात म्या तुमाला पानी दिलं नसतं."

मग ती उठली, आत गेली, आणि आम्हा दोघींना पाणी घेऊन आली.